उंच पोरीचा इसार

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि त्यानंतर सही नाहीतर सामानाची यादी याखेरीज फार काही लिहिलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर ओळीवरून खाली घसरेल. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. जिमखान्यात जुन्या सामन्यांच्या गुणपत्रकांचा गठ्ठा पडून होता, त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. जे बोलायला हवं होतं ते त्या त्या वेळी तोंडातून निघालं नाही, ते असं आता लिहीत बसले आहे.

मी सोलापुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात जिमखान्याची मावशी आहे. मैदान झाडायचं, चेंडूंत हवा भरायची, मुलींचे टी-शर्ट धुवायचे, किल्ल्या सांभाळायच्या, आणि संघ बाहेरगावी निघाला की सोबत बाईमाणूस म्हणून जायचं, हे माझं काम. सासर शुक्रवार पेठेत. माहेर माळशिरस तालुक्यातलं, घरी मेंढरं होती. म्हणून मॅडम मला मुली शोधायला बरोबर नेतात. मॅडम म्हणजे आमच्या खेळाच्या मॅडम. त्या शहरातल्या, फार भरभर बोलतात. गावाकडची माणसं त्यांचं ऐकून घेतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. पण लुगड्यावरून, कुंकवावरून त्यांना कळतं की ही आपल्याकडची.

बास्केटबॉलच्या संघाला बारा मुली लागतात. आमच्याकडे जूनमध्ये कशाबशा चार असतात. शहरातल्या शाळांतून खेळलेल्या मुली पुण्याला जातात, राहिलेल्यांची लग्नं होतात. मग मॅडम आणि मी एसटीने हिंडतो. दर उन्हाळ्यात हेच. एक पोरगी एप्रिलमध्ये हो म्हणाली आणि जूनमध्ये तिच्या दारात गेलो तर मांडव सोडायचं काम चाललं होतं. एकीच्या आईने विचारलं, "खेळून खेळून पाय राकट झालं तर हिला करून कोन घेनार? तुमी घेनार का?" एकीचा भाऊ म्हणाला, "हाफ चड्डी घालायची असंल तर न्हाय." मॅडम म्हणाल्या, फुल पॅन्ट घालेल. तर तो म्हणतो, "मग पळता कसं येनार तिला? हरायलाच न्यायची तर घरात काय वाईट हाय?"

कॉलेजात तर त्याहून. मॅडमनी बारा मुलींचा खर्च मागितला तेव्हा मोठ्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "मैदानात एका वेळी पाचच असतात ना? मग बारा कशाला?" मॅडम परत आल्या आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर असा आदळला की एक किल्ली वाकडी झाली. ती कपाटाची होती. अजून अडकते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही अकलूजला गेलो होतो. तिथल्या शाळेत तीन उंच मुली आहेत असं कळलं होतं. पोचलो तर मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही उशीर केला मॅडम, परवाच दुसरे लोक येऊन बोलून गेले." तिथून माळशिरसला आलो. स्टँडवर ऊन मरणाचं. सोलापूरची गाडी लागायची होती. शेजारी दुसरी एक गाडी आली आणि लोक धावले, कोणी खिडकीतून रुमाल टाकतंय, कोणी पोराला आत ढकलतंय. तेवढ्यात एक पोरगी चालत आली, चालतच, आणि टाच न उचलता हात खिडकीतून आत घालून तिने दप्तर सीटवर ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. मॅडमनी माझा दंड धरला. "मावशी, हात! हात बघा!"

आम्ही आमची गाडी सोडली आणि तिच्या गाडीत चढलो. मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"बाळ, तुझी उंची किती?"

पोरीने दप्तर मांडीवर घट्ट धरलं. "सोयरिकीचं असंल तर आमच्या आबास्नी इचारा."

"अगं लग्नाचं नाही. खेळासाठी विचारते."

"पाच फूट दहा इंच. पन अजून थांबलेलं न्हाय," ती वैतागून म्हणाली. "आमच्या घरात दार माज्यापरीस बुटकं हाय."

बारावीची परीक्षा दिली होती. कबड्डी खेळली होती, बास्केटबॉल पाहिलासुद्धा नव्हता. मॅडम म्हणाल्या, शिकवते मी. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

आठ दिवसांनी तिच्या घरी गेलो. रस्त्यापासून आत, माळावर. बाहेर वाघर लावलेली, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि तिच्यात लहान कोकरं. वास आला तसं मला माहेरी गेल्यासारखं झालं. तिचा बाप खाटेवर बसला होता. पटका, बंडी, बोलणं कमी. आई त्याच्यापेक्षा टीचभर उंच, ती चहा घेऊन आली तेव्हा मॅडमनी मला कोपराने डिवचलं.

"काय खेळ म्हनला ह्यो?" बापाने विचारलं.

"बास्केटबॉल. उंचावर टोपली असते, तिच्यात चेंडू टाकायचा."

"टाकला की टोपलीत ऱ्हातो?"

"नाही, खालून पडतो. टोपलीला तळ नसतो."

त्याने बायकोकडे बघितलं. "बिनबुडाच्या टोपलीत चेंडू टाकायला हिला सोलापूरला न्यायची म्हनत्यात." बायको पदराआड हसली. मलाही हसू आलं.

मग मॅडम बोलायला लागल्या. वसतिगृह फुकट, फी माफ, बूट कॉलेजचे, रोज सकाळी दूध आणि दोन अंडी. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी तसा कागद करून वर पाठवला होता, आणि कागद वर गेला की झालंच असं त्यांना दर वर्षी वाटतं. पण मला माहीत होतं की मागच्या वर्षीच्या मुलींना अंडी मिळाली नव्हती आणि वसतिगृहाचे निम्मे पैसे त्यांच्या घरून आले होते.

बापाने सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळला. "आक्का, तुमी हिकडच्याच दिसता. तुमी सांगा, खरं हाय ह्ये?"

मी मान हलवली. होकाराची.

तेवढ्याने त्याचं झालं. निघताना मॅडम मला म्हणाल्या, चाचणीला येण्याजाण्याचं भाडं हिच्या हातात द्या, आई पण बरोबर येईल, माझ्याकडे नोटा नाहीत, मी तुम्हाला नंतर फोनवरून पाठवते. माझ्याकडे पाचशेच्या दोन होत्या. त्या पोरीच्या हातात ठेवल्या. बापाने तिच्या हातातून घेतल्या, कपाळाला लावल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या.

"इसार घ्येतला," तो म्हणाला. "आता दुसरं कोन आलं तर दारातनंच मागारी जाईल."

मॅडमना काही कळलं नाही. मला कळलं. मेंढरांच्या बाजारात जनावर पसंत पडलं की घेणारा थोडे पैसे आधी देतो, तो इसार. तो घेतला की विकणारा बांधला गेला, मग दुसऱ्याने कितीही जास्त देऊ केले तरी जनावर त्याला द्यायचं नाही. घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडाला. विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा, आणि तेही ज्याच्या हातून घेतला त्याच्या हातात, लोकांसमोर. माझे वडील असेच होते. माझ्या माहेरी कागद कोणी केला नाही, पण इसार मोडलेला मी पाहिला नाही.

तिथेच म्हणायला हवं होतं, "अवो, ह्ये भाडं हाय, इसार न्हाय." पाच-सहा शब्द. पण मॅडम आनंदात चप्पल घालत होत्या, बाप हात जोडून उभा होता, आणि माझ्या मनात आलं, बरंय की, बांधली गेली तर बरंच आहे, दर जूनला होतं तसं हिचं होणार नाही. म्हणजे मी नुसती लाजले म्हणून गप्प बसले असं नाही. हे लिहिलं पाहिजे.

पोरगी जूनमध्ये आली आणि तीन महिन्यांत अशी खेळायला लागली की हातमागाच्या घरातली आमची कप्तान, जी दोन वर्षं खेळत होती, ती म्हणाली, "मावशी, ही उडी मारत नाही, नुसती वर बघते आणि चेंडू आत जातो." पण बाकी सगळं जे व्हायचं तेच झालं. बूट आले ते सगळे एकाच मापाचे, कारण कोणीतरी सगळ्यांसाठी एकच माप लिहून दिलं होतं. तिचा पाय त्यात निम्मासुद्धा जाईना. मॅडमनी स्वतःचे पैसे घालून बाजारातून पुरुषांचे बूट आणले, ते पुढून सैल. ती आत फडकी कोंबून खेळायची. दुधाचा कागद वरून परत आला, त्यावर काहीतरी शेरा होता. मॅडमनी तो मला वाचून दाखवला नाही. वसतिगृहाची बाई दर महिन्याला पैशांसाठी पोरीला दारात अडवायची. मी घरून दोन भाकरी आणि शेंगाची चटणी न्यायची. ती सहा फुटांची पोरगी, दोन भाकरी तिला काय होणार.

मी रोज तिला बघायची आणि मला माझी हललेली मान आठवायची. चिडायचं कोणावर? मॅडमवर चिडावं तर त्याही दुपारी डबा अर्धा तिच्याकडे सरकवायच्या. साहेबांवर चिडावं तर त्यांच्यासमोर मी चहाचा कप ठेवून बाहेर येते, तेवढीच आमची ओळख.

हिवाळ्यात कॉलेजांच्या सामन्यांत आम्ही सात मुली घेऊन गेलो. उपांत्य सामन्यात पुढे होतो. शेवटी शेवटी आमच्या दोघी पाच-पाच फाउल होऊन बाहेर, एकीचा घोटा मुरगळला. मैदानात चार राहिल्या. समोर पाच. चौघींत ती एकटी काय करणार, तरी करत होती. एका बुटातलं फडकं बाहेर आलं, तिने बूट काढून बाजूला फेकला आणि एका बुटावर खेळायला गेली. पंचाने शिट्टी वाजवून थांबवलं. हरलो. मॅडम खुर्चीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत.

तिथे कोल्हापूरकडच्या एका कॉलेजच्या बाई आल्या होत्या. त्या सामन्यानंतर पोरीशी बोलल्या. चार दिवसांनी मी नळावर टी-शर्ट धूत होते तेव्हा पोरगी येऊन शेजारी बसली आणि एक शर्ट पिळायला लागली.

"मावशी, त्या बाई म्हनत्यात, दुसऱ्या वर्षाला तिकडं ये. जेवन, ऱ्हायाचं, समदं. त्यांच्या दोन पोरींस्नी फोन लावून मीच इचारलं. खरंच मिळतंय."

"मग?"

"आबा न्हाय म्हनत्यात. इसार घ्येतलाय म्हनं."

तिने माझ्यासमोर बापाला फोन लावला, आवाज मोठा करून. मागे मेंढरं ओरडत होती.

"आबा, म्या काय मेंढरू हाय व्हय?"

मग तो म्हणाला, "मेंढराला कोन इचारत न्हाय, बाई. तुला इचारलं हुतं. तूच म्हनलीस जाते. तवा घ्येतला."

मी साबणाचा हात पुसला आणि फोन घेतला. माझ्या आयुष्यात मी आपणहून फोन घेतलेला आठवत नाही. "दादा, मी जिमखान्यातली. त्यो इसार न्हवता. भाडं हुतं. मीच दिलं हुतं."

"आक्का," तो म्हणाला, "लई दिस झालं. तवा का न्हाय बोललासा?"

तो पुढे म्हणाला, "समद्या वस्तीला सांगितलंय मी, इसार घ्येतला म्हनून. आता भाडं म्हनून कसं चालंल? मोडायचा असंल तर रीतीनं मोडू. त्ये मॅडमला सांगा."

मॅडमना सांगायचं. दोन दिवस मी त्यांच्या टेबलाजवळ जाऊन परत आले. एकदा टेबल पुसून आले, एकदा पाणी ठेवून आले. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "काय आहे मावशी? सारख्या घुटमळताय."

मी सांगितलं. सगळं, इसाराचं पण. त्यांनी ऐकलं आणि तोंड लाल झालं.

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या? पुढच्या वर्षी संघ कुठून आणू? सहा जणी राहतात. त्यातल्या दोघींची लग्नं ठरतायत. मी काय मैदानात तुम्हाला उतरवू?"

"तिला खायला मिळत न्हाई, मॅडम."

"मला माहीत नाही? मी काय डोळे झाकून बसलेय?" त्यांचा आवाज फुटला. "दर वर्षी मी आणायची, मी शिकवायची आणि दुसऱ्यांनी न्यायची. तिच्या कॉलेज सोडायच्या दाखल्यावर मी नाही सही करणार. तिच्या वडिलांनी शब्द दिलाय ना? मग पाळू दे."

इसार म्हणजे काय हे त्यांना मीच आत्ता सांगितलं होतं. तोच त्यांनी धरून ठेवला. त्यानंतर परीक्षा झाल्या, उन्हाळा आला, आणि मॅडम सही करेनात. पोरगी दाखल्यासाठी रोज कार्यालयात जायची, तिथे म्हणायचे, खेळाच्या मॅडमची सही आणा. इकडे यायची तर मॅडम वर्गावर. त्या वर्षी मॅडम आणि मी मुली शोधायलासुद्धा गेलो नाही. त्या मला चल म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

जूनच्या सुरुवातीला पोरीने गावाहून एक हजार रुपये आणून माझ्या हातात दिले. आबांनी दिले म्हणाली. मी घेईना. "घ्या मावशी, न्हाय घ्येतलं तर मी हितंच." मी घेतले आणि तसेच मॅडमना नेऊन दाखवले. म्हटलं, इसार परत आला, आता सही करा.

मॅडमनी नोटांकडे बघितलं. "विकणारा फिरला तर दुप्पट, तुम्हीच सांगितलंत ना? मग हे निम्मेच आहेत. आणि त्यांनी स्वतः आणून द्यायचे असतात."

मला फार राग आला. पण माझ्याच रीतीचं बोलल्या होत्या, काय बोलणार. पोरीने ते बापाला सांगितलं. मला वाटलं, आता तो चिडेल. तर पोरगी परत आली आणि म्हणाली, "आबा म्हनले, मॅडम बराबर बोलल्या. माजंच चुकलं, पोरीच्या हातनं धाडायचं न्हवतं. उरलेलं घिऊन मी सवता येतो."

पण मेंढरं चरायला लांब गेली होती. तो तिकडे, बरोबर दुसरं मोठं माणूस नाही. कोल्हापूरकडच्या कॉलेजात प्रवेश बंद व्हायला आठच दिवस राहिले होते. पोरगी रोज जिमखान्याच्या पायरीवर येऊन बसायची. टोपलीखाली चेंडू पडलेला असायचा, ती हात लावायची नाही. मॅडम आतून तिला बघायच्या आणि वहीत डोकं घालायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, चार दिवस उरलेत." त्या म्हणाल्या, "मला मोजता येतं."

दोन दिवस उरले तेव्हा तो आला. दुपारचा, पायात धुळीने पांढरी झालेली वहाण, खांद्यावर घोंगडी. कॉलेजच्या फाटकावर त्याला पुरुषमाणूस म्हणून थांबवलं होतं, मी जाऊन आत आणला. जिमखान्याच्या दारात वाकून त्याने वहाणा काढल्या. मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही.

"मॅडम, तुमी पोरीला शिकवलं. त्ये काय मी इसरनार न्हाय. पन तिला हितं ठिवून तुमचं बी भलं न्हाय, तिचं बी न्हाय. मी फिरलो म्हना. दुप्पट घ्या."

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "तसं नाही हो. मी रागाने बोलले. राहू द्या ते पैसे."

"राहू कसं दिऊ? मग पोरगी बांधलेलीच की."

मग तो माझ्याकडे वळला आणि बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. मी पदर पुढे केला, तो म्हणाला, "पदरात न्हाय. हातात. हातानं दिलं हुतं." मी हात पुढे केला. त्याने शंभराच्या दहा नोटा एकेक करून ठेवल्या, मोठ्याने मोजत, मॅडमना ऐकू जाईल असं. पोरगी दारात उभी होती, डोकं चौकटीला टेकवून.

"मोजून घ्या, आक्का."

मला मोजायचं नव्हतं. पण न मोजता घेतले तर घेतले असं होत नाही. मी मोजले. दहा. आधीचे एक हजार कपाटात ठेवले होते, ते काढायला गेले तर वाकडी किल्ली फिरेना. मॅडम स्वतः आल्या, दोन हातांनी किल्ली दाबून कपाट उघडलं. मी ते पैसे या पैशांवर ठेवले आणि सगळ्यांसमोर पुन्हा एकदा मोजले. मॅडमनी पेन घेतलं आणि दाखल्याच्या अर्जावर सही केली, एकदा, मग त्याखाली तारीख.

"पोचलं?" बापाने विचारलं.

"पोचलं," मी म्हटलं. "पुरे दोन हजार."